घरातलं वाक्य

चोचीची खूण अगदी स्वच्छ होती. त्रिकोणी. पेरूच्या पिकल्या बाजूला, देठापासून जरा खाली, राघूने एकदाच चोच घातलेली आणि मग काहीतरी मनात येऊन उडून गेलेला — कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या आणि आत दोन-तीन बिया ओल्या चमकत होत्या, दातांसारख्या... दातांसारख्या नव्हे. वैजयंतीने स्वतःला टोकलं. हल्ली तिला प्रत्येक वस्तूत तोंड दिसायचं.

पेरू शेजारच्या मालनबाईने आणला होता, शेतातून, पदराखाली झाकून. "राघूनं उष्टावलेलाच हाय बरं का. म्या सोता झाडाखाली हुबी हुते. पोरीला उपाशीपोटी चारा, बगा कशी चुरूचुरू बोलती ते." आणि आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, भागम्मांनी, तो दोन्ही हातांत घेतला, प्रसाद घ्यावा तसा, आणि स्टीलच्या ताटलीत ओट्यावर ठेवून दिला. वैजयंतीला कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं होतंच काय त्यात? पेरूच तर होता. नाही म्हणायला नीट कारण सापडेना आणि हो म्हणायला तोंड उघडेना — पाखराचं उष्टं, त्यात काय काय असेल, लेकरू आजारी पडलं तर पुन्हा माझ्यावरच — आणि तरीही मनाच्या एका कोपऱ्यात, बी.ए. इंग्लिश झालेल्या कोपऱ्याला अगदी लागून, एक बाई पदर पसरून बसलेली होतीच: चारून तर बघा गं. काय जातंय.

पण आत्ता पूजा चालू होती. आत्या पाटावर बसल्या होत्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, करडग्यातून, काढलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर, आणि नजर त्याच्यावर अशी लावलेली की घराचं छप्पर उडालं तरी तो हात खाली यायचा नाही. लिंगपूजा चालू असताना या घरात कुणी बोलत नाही. टीव्ही बंद, मिक्सर बंद, वैजयंतीचा नवरा विरेश घरात असलाच तर त्याचा फोन बंद. दूधवालासुद्धा कडी न वाजवता पिशवी अडकवून जातो. आणि घर असं गप्प होतं म्हणूनच तर वैजयंतीचं काम व्हायचं. तीही स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून, फोन डाव्या तळहातावर धरून, ओठांपाशी नेऊन हळूहळू बोलायची, पुटपुटल्यासारखं पण स्पष्ट. एवढी मोकळीक आत्यांनी दिली होती. "तुझी बी पूजाच म्हण की," असं त्या एकदा हसून म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा तिला ते फार आवडलं होतं.

मानवतच्या स्टँडमागे पंडित सरांचा क्लास आहे. पोलीस भरती, तलाठी, बँक, जे निघेल ते. त्या क्लासच्या ग्रुपवर रोज सकाळी मॅडमच्या, म्हणजे वैजयंतीच्या, आवाजात एक इंग्रजी शब्द जातो. शब्द सर निवडतात, अवघड बघून. उच्चार, अर्थ, वापर आणि तीन वाक्यं. पहिलं सोपं, दुसरं परीक्षेतलं, तिसरं घरातलं. हे तिसरं वाक्य म्हणजे वैजयंतीची स्वतःची युक्ती. 'फ्रूगल' आला तेव्हा तिने अगरबत्तीची थोटकं डबीत साठवणारी सासू सांगितली, 'इम्पेच्युअस' आला तेव्हा फाटक बंद असताना मोटरसायकल आडवी करून रूळ ओलांडणारा नवरा. पोरींचे हसरे चेहरे यायचे ग्रुपवर. सर म्हणायचे, "मॅडम, घरातलं वाक्य पोरं इसरत न्हाईत. फक्त आवाज क्लीन पाहिजे. मागं कुकर-बिकर, लेकरू-बिकरू नको."

आजचा शब्द टॅसिटर्न होता.

तिने लाल ठिपका दाबला. नमस्कार. आजचा शब्द आहे टॅसिटर्न. विशेषण. अर्थ — स्वभावानेच कमी बोलणारा. एखादा माणूस एका बैठकीत गप्प बसला म्हणून तो टॅसिटर्न होत नाही. तो त्या वेळेपुरता गप्प. टॅसिटर्न हा स्वभाव आहे, कायमचा, आणि त्यात थोडी तक्रारही आहे, म्हणजे या माणसाशी बोलायला गेलं तर आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं, म्हाताऱ्या शेतकऱ्याचं, ते पुस्तकातच होतं. आवाज छान लागला होता. आणि मग, घरातल्या वाक्याआधी, सवयीने, तिने ती नेहमीची सूचना सांगायला घेतली, "लक्षात ठेवा, ज्याला बोलता येतं आणि तरी जो बोलत नाही, त्यालाच आपण..." आणि तिथे ती थांबली.

हातातल्या पडद्यावर सेकंद सरकत होते. तिने मान वळवून पाहिलं. तिची रंजू आजीच्या पाटाला लागून मांडी घालून बसली होती, ओठांवर बोट ठेवून.

तिने ठिपका पुन्हा दाबला आणि ते सगळं पुसून टाकलं.

शिवरंजनीला तिसरं लागलं होतं. शिवरंजनी — एवढं मोठं, पाच अक्षरांचं नाव ठेवलं, आणि तिला स्वतःला अजून त्यातलं एक अक्षर... म्ह, अं, कधी झोपेत एक लांबट ऊऽ, बस. पाणी हवं असलं की ती वैजयंतीचं मनगट धरून माठापाशी नेते. कंटाळली की चप्पल आणून समोर ठेवते. रडतेसुद्धा हळू. आणि हे सगळं गुणात धरलं जातं. "आमची रंजी लय गुणाची, घरात लेकरू हाय का न्हाई कळत न्हाई," असं आत्या आल्यागेल्याला सांगतात, आणि आलेली बाई म्हणते, पोरीच्या जातीला असंच पायजे. मुलगा असता तर? मुलगा असता तर एव्हाना घरादाराने त्याला परभणीला नेलं असतं, नांदेडला नेलं असतं. मुलगी गप्प आहे, तर ती शहाणी आहे. मालनबाईची नात रंजूहून लहान, दिवसभर दारात उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याशी भांडते — "ए, माजी चप्पल हाय ती!" — आणि तिची आजी कपाळाला हात लावून म्हणते, काय सटवी जन्मली बाई. वैजयंती दाराआड उभी राहून ते ऐकते. माजी. चप्पल. हाय. ती. चार शब्द. तीन शब्दांचं नाही, चार शब्दांचं वाक्य. मी मोजत बसते, शेजारच्या पोरीचं वाक्य, पैसे मोजावेत तसं, आणि मग मला त्या पोरीचा राग येतो, आणि मग माझा.

पूजा झाली. आत्यांनी लिंग करडग्यात ठेवलं, विभूतीचं बोट नातीच्या कपाळावर ओढलं आणि पेरूची फोड कापली, खुणेच्या बाजूची. "आ कर. आ कर माय माजी." रंजूने फोडीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले, असे घट्ट, की कडेने पांढरे पडले.

"असू द्या आत्या, नंतर देते मी."

"नंतर कामून? उपाशीपोटीच द्यायचं असतं. नाक धर जरासक तिचं, आपसुक उघडंल तोंड."

"नाक कशाला धरायचं..."

"दुसऱ्यास्नी काई करू द्यायचं न्हाई आन् सोता काई करायचं न्हाई." हे त्या तिला म्हणाल्या की पेरूला, कळू नये अशा बेताने म्हणाल्या. फोड ताटलीत परत गेली.

मी काही करत नाही? वैजयंती भांडी घासताना रंजूच्या पाठीमागे मुद्दाम वाटी पाडते. रंजू वळते. कधी कधी वळत नाही. मग ती वळली नाही ती खेळात गुंगली होती म्हणून, की... मग पुन्हा वाटी. "किती धसमुसळी गं तू," आत्या म्हणतात. रात्री-अपरात्री फोनवर ती वाचते, कोणत्या महिन्यात किती शब्द यायला हवेत, बोट दाखवते का, हाक मारली की बघते का. आणि त्या लेखांतली इंग्रजी विशेषणं — सगळी लांब, सगळी थंड, हातमोजे घातल्यासारखी — तिला एकूण एक कळतात, हीच तर अडचण. न कळणाऱ्या बाईला डॉक्टरांनी सांगेपर्यंत तरी सुखाने झोप लागत असेल. अंगणवाडीच्या सुकेशनीताई दिवाळीनंतर वजन करायला आल्या होत्या, तेव्हा जाताना दारात चपला घालत हळूच म्हणाल्या, "ताई, एकदा परभणीला दाखवून या. शनिवारी एक बाई येतात तिथं, कान आन् बोलणं दोन्ही तपासतात. घाबरायचं काई न्हाई, पण लवकर बरं असतं." लवकर बरं असतं. तेव्हापासून किती शनिवार गेले ते तिने मोजलं नाही. मोजायचं नाही असं ठरवूनच.

दहा वाजले तरी ग्रुपवर शब्द गेला नव्हता. पंडित सरांचा संदेश आला. "मॅडम आजचा शब्द? पोरं म्हणायलीत मॅडमच टॅसिटर्न झाल्या का काय." खाली हसणारी तीन तोंडं. तिनेही एक हसणारं तोंड पाठवलं. पाठवते सर. कुकर लागला होता.

कुकर उतरला. आत्या मालनबाईच्या दारात उन्हाला बसल्या. घर मोकळं, शांत. तिने पुन्हा ठिपका दाबला, पुन्हा अर्थ सांगितला, आणि या वेळी ती सूचना गाळून थेट घरातल्या वाक्यावर आली. तिच्या डोक्यात ते सकाळपासून तयारच होतं. सोपं होतं, चार शब्दांचं, मालनबाईच्या नातीच्या वाक्याएवढं: माय डॉटर इज टॅसिटर्न. व्याकरण बरोबर. पोरी बदाम पाठवतील. किती गोड, मॅडम. सगळ्या ग्रुपला एकदा सांगून टाकलं की माझी मुलगी कमी बोलणारी आहे, तर ती कमी बोलणारी होईल. कमी! कमी म्हणजे काहीतरी आहे, आत आहे, भरपूर आहे, फक्त ती देत नाही. तिचा स्वभाव आहे. शब्द साठवून ठेवलेत तिने, आजीच्या अगरबत्त्यांसारखे...

तिने ते वाक्य म्हटलं. मग लावून ऐकलं. तिचाच आवाज, गोड, स्वच्छ, मागे काहीही नाही. कुकर नाही, बिकर नाही, लेकरू नाही. एखाद्या रिकाम्या घरातून बोलावं तसा.

पुसलं.

मराठीत तरी कुठे धड सापडत होतं. कोशात मितभाषी दिलं होतं, पण मितभाषी माणसं फक्त सत्काराच्या पत्रिकेत असतात. अबोल म्हटलं तर ते फूल वाटतं, केसात माळावंसं. घुमा म्हणजे आत राग आहे. रंजूच्या आत राग आहे का? असेल. कुणावर? आणि वैजयंतीच्या माहेरी, पालमकडे, तिची आजी सरळ म्हणायची — त्या तमक्याची मुकी. मुकीचं लग्न. मुकीच्या शेळ्या. त्या बाईला नाव असेल ना काही? असणारच, बारशाला ठेवलेलं, कानात कुर्र करून...

विरेश जेवायला आला तेव्हा त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू होते. कापसाच्या सीझनमध्ये तो असाच येतो, अवेळी म्हातारा झाल्यासारखा, आणि फोन कानाला लावूनच हात धुतो. वैजयंतीने भाकरी वाढली. एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली, तिसऱ्या वेळी म्हणाली, "शनिवारी परभणीला जाऊन येऊ का?"

"शनिवारी? काय हाय शनिवारी?"

"रंजूला. सुकेशनीताई म्हणत होत्या ते."

"सीझन हाय गं. गाड्याच्या गाड्या हुब्या हायेत बाहीर." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि तो वाईट माणूस नव्हता, म्हणून हसला. "मी कवा बोललो माहीत हाय का? अव्वाला इचार. अव्वा, मी कवा बोललो?"

आत्या आतूनच म्हणाल्या, "चवथं सरायला आल्तं. आन् पैला शब्द काय बोलला? आई न्हाई, अव्वा न्हाई. 'भाव काय?'"

दोघं हसली. वैजयंतीही हसली, खरंच हसू आलं, ते थांबवता आलं नाही, आणि हसता हसताच तिला कळलं की संपलं, या महिन्यापुरतं तरी. भिंतीवरच्या फोटोतून सासरे बघत होते, सिद्रामप्पा, तीन वर्षांमागे लिंगैक्य झालेले. त्यांचं नाव आता निघणार हे तिला माहीत होतं, आणि निघालंच. "अप्पावर गेलीय पोरगी," विरेश म्हणाला. "बाजारात अप्पांचा सौदा कसा व्हायचा? रुमालाखाली. व्यापाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा, आन् बोटं दाबून भाव सांगायचा. हूं न्हाई का चूं न्हाई. अख्खा मोंढा बोलायचा, सिद्रामप्पाला तोंड न्हाई, बोटं हायेत."

घरातलं वाक्य असं समोर ताटात वाढून ठेवलेलं होतं. माय फादर-इन-लॉ वॉज टॅसिटर्न. किती छान, रुमाल, मोंढा, बोटं. पोरं कधी विसरणार नाहीत. आणि खरंही. अप्पांना बोलता येत होतं. रात्री पोथी वाचताना त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्यांच्याकडे शब्द होते आणि ते त्यांनी रुमालाखाली ठेवले, तो त्यांचा हक्क. पण त्यांच्या रुमालाखाली माझ्या मुलीला का झाकता तुम्ही?

हे ती बोलली नाही. ती म्हणाली, "ताक घालू?"

विरेश गेला. रंजूने त्याच्या ताटाजवळचा एक कापसाचा पुंजका उचलला, जमिनीवरून, आणि उन्हात धरून बघत बसली. तिच्या बघण्यात काही कमी नव्हतं. तिच्याइतकं कुणी बघतच नाही या घरात... माझ्याशिवाय. वैजयंती तिच्यासमोर बसली. "कापूस," ती म्हणाली. "म्हण, का-पूस. काऽ." रंजूने तिच्या तोंडाकडे पाहिलं, फार लक्षपूर्वक, आणि मग पुंजका तिच्या हातात दिला. तुला हवंय ना, घे. "नको मला. म्हण. काऽ." तिने खाली ठेवलेला पुंजका रंजूने तिच्याकडे आणखी सरकवला. "अगं काऽ म्हण! एवढंच म्हण! का!" शेवटचा 'का' कुठल्या कुठे गेला, तो शिकवण्याचा राहिला नाही, विचारण्याचा झाला. रंजूने ओठांवर बोट ठेवलं.

मोठ्यांदा बोललं की ती असं करते. पाहुण्यांसमोर करवून घेतात तिच्याकडून — "रंजे, पूजा कशी करतेत?" — की बोट ओठांवर, आणि सगळे हसतात. वैजयंतीनेच काढला होता तिचा तसा फोटो, नाकाला विभूती लागलेली, बोट ओठांवर. पालमला पाठवला होता. तिच्या आईने तो फोनवर लावून ठेवला होता.

दुपार अशीच कशीतरी गेली. सरांचा एक संदेश, मग एक फोन, तो तिने घेतला नाही. ओट्यावर फोड काळी पडत गेली. ती टाकून द्यावी म्हणून ती दोनदा उठली आणि दोनदा तिने ताटलीवर दुसरी ताटली झाकून ठेवली. राहू दे. काय जातंय.

दिवेलागणीला आत्या पुन्हा पाटावर बसल्या. टीव्ही बंद झाला. मालनबाईच्या घरातला टीव्ही लांबून ऐकू येत होता, तेवढाच. पाठवायचं तर आत्ताच, नाहीतर आजचा शब्द गेला. वैजयंतीने फोन घेतला, भिंतीपाशी आली, डावा तळहात वर केला, लाल ठिपका दाबला. सासऱ्यांचंच वाक्य सांगायचं, संपवायचं. नमस्कार, आजचा शब्द आहे... आणि काय वाटलं कोण जाणे, भिंतीकडे तोंड करायच्या ऐवजी ती घराकडे तोंड करून उभी राहिली.

आत्यांच्या डाव्या तळहातावर लिंग होतं. नजर खिळलेली.

त्यांच्या शेजारी रंजू बसली होती. ओट्यावरची ताटली तिने कधी उघडली कुणास ठाऊक. तिच्या डाव्या तळहातावर ती काळी पडलेली फोड होती, अगदी छातीच्या उंचीला धरलेली, चोचीची खूण वर. रंजू त्या फोडीकडे एकटक बघत होती. उजव्या हाताचं बोट ओठांवर.

मग तिने मान वळवून वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीच्या डाव्या तळहातावर फोन होता.

तिने समाधानाने पुन्हा आपल्या फोडीकडे नजर लावली. सगळ्या जणी आपापल्या जागी होत्या. सगळ्यांचं चालू होतं.

तिला वाटतं पूजा म्हणजे गप्प बसणं. नाही... तिला वाटतं आई, आजी, घर, म्हणजे हेच. हातात काहीतरी धरायचं, त्याच्याकडे बघायचं, आणि लेकराने शूऽ. ती मांडीवर होती तेव्हापासून रोज सकाळी, आवाज क्लीन पाहिजे म्हणून, मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं आहे. रांगत आली तरी बोट, हसली तरी बोट, तेव्हा ती हसायची, ऊं ऊं करायची, तेव्हा होतं काहीतरी, होतंच, आणि मी... पण असं नसतं. असं असतं तर प्रत्येक पुजाऱ्याचं पोर मुकं झालं असतं. मी वाचलंय सगळं, इतकं सोपं नसतं ते, कारण बोटाएवढं नसतं. आणि बोटाएवढं असलं तर? हे शोधायचं कुणी? परभणीच्या बाईने की राघूने? दिवसाला एक याप्रमाणे किती शब्द दिले मी लोकांच्या पोरांना, आणि माझ्या पोरीला एकच, तोही शब्द नाही, नुसती हवा, शूऽ. तो मात्र ती पक्का शिकली. तो ती विसरत नाही.

टॅसिटर्न. ज्याला बोलता येतं आणि तरी जो बोलत नाही. दुपारी ताक वाढणारी बाई तिला आठवली, आणि ती सकाळची, 'असू द्या आत्या' म्हणणारी, आणि त्या न मोजलेल्या सगळ्या शनिवारी काहीही न बोललेली. घरातलं वाक्य.

"आत्या," ती म्हणाली.

पूजेत कुणी बोलत नाही. फोनशी पुटपुटणं सोडलं तर लग्न होऊन आल्यापासून ती एकदाही बोलली नव्हती. तिचा आवाज घरात पडला, वाटी पडावी तसा.

"आत्या, शनिवारी मी रंजूला परभणीला नेणार आहे. हे आले तर आले. नाही तर मी एसटीने जाईन."

भागम्मांचा हात हलला नाही. नजरही वर झाली नाही. फक्त लिंगावरचं बेलाचं पान तळहातावर किंचित सरकलं, की तिला तसं दिसलं. फोनवर सेकंद चालूच होते. हे सगळं त्यात गेलं असणार, पण ते पुसता येईल, आणि जे घरात गेलं ते पुसता येणार नाही, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं, आणि ती खाली बसली, तिथेच, दारात.

रंजू उठली. फोड तळहातावर तशीच सांभाळत, सांडू नये अशी, ती चार पावलं आली आणि आईसमोर उभी राहिली. आणि तिने आपल्या ओठांवरचं बोट काढून वैजयंतीच्या ओठांवर ठेवलं.

चिकट होतं. त्याला जुन्या पेरूचा आणि विभूतीचा वास होता. गप्प बस आई, पूजा चालू आहे — दुसरं काय असणार. तिला जे शिकवलं ते ती परत करत होती, कापसाच्या पुंजक्यासारखं. तुला हवंय ना, घे. वैजयंतीला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप, कुणावर ते न कळणारा, आणि त्याच्या मागोमाग काहीच नाही.

पण बोट थांबलं नव्हतं. शूऽचं बोट थांबतं. हे सरकत होतं. खालच्या ओठावरून, कडेकडेने, मग आत, दातांवरून, एकेका दाताशी थबकत. रंजूची भुवई आक्रसली होती, रिमोटच्या मागचं झाकण काढून ती आतले सेल बघते तेव्हा आक्रसते तशी. आवाज बंद करायचा होता का तिला? की तो कुठून येतो ते बघायचं होतं? वैजयंती दिवसभर, वर्षभर, या पोरीकडे बघत आली होती आणि एवढं एक तिला सांगता येत नव्हतं. पाटावर आत्या बसल्या होत्या. शनिवार अजून लांब होता. ओठ मिटून घ्यावेत असं तिला फार वाटत होतं, सवयीने, घट्ट.

तिने तोंड उघडंच ठेवलं.